टाकीच्या झाकणावरचं गंध

इंजिन खोटं बोलत नाही, हे हणमंत बिरादारचं आवडतं वाक्य होतं. सत्यवतीनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, करपलेल्या भाकरीचा दोष ओल्या जळणाला दिला की तो हेच ऐकवायचा. शेजारचा कोणी उशिराची सबब सांगू लागला तरी हेच. सत्यवती म्हणायची, "मग इंजिनाशीच लगीन लावायचं हुतं." पुढे जे घडलं त्यात इंजिन खरोखरच खोटं बोललं नाही. माणूस बोलला. तोही धड खोटं बोलला नाही, अर्धं खरं बोलला, आणि माझं म्हणाल तर ते खोट्यापेक्षा वाईट. खोटं निदान पकडता तरी येतं.

हणमंत उदगीरकडचा. भावांमध्ये शेत वाटून झाल्यावर याच्या वाट्याला बांधच जास्त आला, तेव्हा तो सरकी काढायच्या कारखान्यात इंजिनाला तेल घालायला लागला. तिथे कान तयार झाला. इंजिन आजारी आहे हे त्याला लांबून कळायचं, घरात कोणी आजारी असलं तर मात्र सांगावं लागायचं. हैदराबादेत आला, अंबरपेठेत दोन खोल्या घेतल्या आणि सिकंदराबादच्या बाजूला एका नवाबाच्या पोलोच्या मैदानावर मिस्त्री म्हणून चिकटला.

त्या मैदानावर एक विलायती यंत्र होतं. पुढे पात्यांचा रूळ, त्याच्यावर एका सिलिंडरचं इंजिन, मागे जोडलेली लोखंडी बैठक. माणसानं बैठकीवर बसायचं, दोन्ही दांडे धरायचे आणि गवत कापत फिरायचं. सगळे त्याला घासगाडी म्हणत. चालवणारा होता दस्तगीर मियाँ. तो मैदानावरच, शेडच्या मागच्या दोन खोल्यांत बायको आणि दोन मुलींसह राहायचा. चालवणारा एक आणि दुरुस्त करणारा दुसरा, म्हणजे एका चुलीवर सासू आणि सून. "तू दौडाता बहोत," हा म्हणायचा. "तू कसता बहोत," तो म्हणायचा. पण भाकरी एकत्र खायचे. सत्यवतीच्या शेंगदाण्याच्या चटणीवर दस्तगीरचा इतका हक्क होता की हणमंतला स्वतःच्याच डब्यात राखून ठेवावी लागे.

दर वर्षी खंडेनवमीला हणमंत घासगाडीची पूजा करायचा. नवाबाची ना नव्हती. गाडी धुवायची, पात्यांना तेल, दांड्याला झेंडूची माळ, आणि टाकीच्या पितळी झाकणावर गंध आणि हळदकुंकू. झाकण गाडीच्या अगदी पुढच्या अंगाला, गोल आणि झळझळीत, जणू कपाळच. गंध लावायला दुसरी जागा कोणाला सुचलीच नसती. दस्तगीर लांब उभा राहून बघायचा, मग नारळाची वाटी घरी न्यायचा. दसऱ्याला हणमंत त्याच्या हातावर सोन्याचं पान ठेवायचा, आणि दस्तगीर ते पागोट्यात खोचून दिवसभर हिंडायचा. दुसऱ्या दिवशी दस्तगीर हँडल मारायचा आणि गाडी चालू व्हायची. पूजा पावली, असं हणमंत म्हणायचा.

अठ्ठेचाळीस सालचा उन्हाळा वाईट गेला. रझाकारांच्या टोळ्या रस्त्यानं फिरत होत्या, गावाकडून बातम्या येत होत्या त्या कोणी मोठ्यानं सांगत नव्हतं. हणमंत संध्याकाळी सायकलवर टांग टाकण्याआधी रस्ता दोन्हीकडे बघून घ्यायचा. एक दिवस दस्तगीरनं आपली सायकल काढली आणि काही न बोलता त्याच्या शेजारून चालवू लागला. अंबरपेठेच्या वळणापर्यंत आला आणि परत गेला. मग रोजच येऊ लागला. वाटेत कोणी अडवलं तर दस्तगीर पुढे होऊन बोलायचा, "हमारे मैदान का मिस्त्री है," आणि ते दोघं पुढे जायचे. याचे आभार हणमंतनं कधी मानले नाहीत. चटणी मात्र वाढली.

सप्टेंबरात हिंदुस्थानची फौज आली आणि चार-पाच दिवसांत निजामाची सत्ता आटोपली. भीती मात्र संपली नाही, तिनं घर बदललं. आता दस्तगीर घराबाहेर पडेना. संध्याकाळी हणमंत एकटाच, छाती पुढे काढून सायकल हाणत घरी जाऊ लागला. आता दस्तगीरला सोबत कोण करतं, हा प्रश्न त्याच्या मनात आला नाही असं नाही. आला, आणि त्यानं तो बसू दिला नाही.

नवाब गाशा गुंडाळून गेला आणि मैदान नव्या सरकारकडे आलं. कारभार बघायला पुण्याकडून आबासाहेब म्हणून एक अधिकारी आले. पांढरी टोपी, स्वच्छ मराठी, चालताना छडी. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "आपलं नाव काय?"

"हणमंत बिरादार, साब."

"अरे वा, आपलेच की. या, हणमंतराव, बसा."

इतक्या वर्षांत कामावर त्याला कोणी राव म्हटलं नव्हतं. साहेबाशी उर्दूत बोलायचं, गवळ्याशी तेलुगूत, दस्तगीरशी दखनीत. मराठी ही घरी जाऊन पायताणं काढल्यावर बोलायची गोष्ट होती. आता खुर्चीवर बसलेला माणूस त्याच्याशी त्याच्या आईच्या भाषेत बोलत होता. त्या दिवशी त्यानं सत्यवतीला ते वाक्य तीनदा सांगितलं. चौथ्यांदा ती म्हणाली, "कळलं. राव झालात. पानी भरा आता."

आबासाहेबांनी हुकूम काढला की रझाकारांशी संबंध होता का याची चौकशी होईपर्यंत दस्तगीरनं गाडीला हात लावायचा नाही. राहायचं तर राहू दे मागच्या खोल्यांत. शेडच्या दोन चाव्यांपैकी एक दस्तगीरकडे होती, ती मागायची कोणालाच आठवण झाली नाही. हणमंतला होती, पण मागताना दस्तगीरच्या तोंडाकडे बघावं लागलं असतं.

खंडेनवमी आली. या वर्षी पूजेला आबासाहेब स्वतः नारळ घेऊन हजर. हणमंतनं नेहमीसारखं बोटभर गंध घेतलं तर ते म्हणाले, "ठसठशीत लावा हो. आता संकोच कसला?" मग हणमंतनं गंधाची वाटीच रिकामी केली. जाड थर, वर हळद, वर कुंकू, वर अक्षता. मागच्या खोलीच्या दारात दस्तगीर उभा होता. त्यानं दोन पावलं पुढे टाकली, आबासाहेबांना पाहिलं आणि आत गेला. नारळाची वाटी त्याच्याकडे कोणी नेली नाही. दसऱ्याचं सोनंही नाही. शेडपासून ते दार हाकेच्या अंतरावर होतं, पण हणमंतनं सगळं सोनं आबासाहेबांच्या बंगल्यावर वाटलं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी गवत कापायचं होतं. त्याच्या पुढच्या दिवशी मोठे लष्करी अधिकारी यायचे होते, झेंडा चढायचा होता, आणि पावसाळ्यात बेवारशासारखं वाढलेलं गवत गुडघ्याला लागत होतं. हणमंतनं पेट्रोलची तोटी उघडली, हँडल मारलं. गाडी फुरफुरली, चार ठोके बोलली आणि मेली. पुन्हा मारलं. काही नाही. खांदा भरून येईपर्यंत मारलं. काही नाही.

मग तो शास्त्रानं निघाला. प्लग काढला, ठिणगी पाहिली, निळी, कडक. प्लग मात्र कोरडा. म्हणजे पेट्रोल येत नाही. त्यानं टाकीचं झाकण उघडलं, आत डोकावला. अर्ध्याच्या वर पेट्रोल. झाकण बाजूला ठेवून नळी सोडली तर धो धो धार. म्हणजे पेट्रोल येतंय. कार्बोरेटर उघडला, पुसला, जेटच्या बारीक छिद्रातून फुंकर मारली. आत आरशासारखं स्वच्छ. सगळं जोडलं, झाकण घट्ट फिरवलं, हँडल मारलं आणि गाडी चालू झाली. हणमंतनं कपाळाचा घाम पुसला, तो हात खाली यायच्या आत गाडी पुन्हा मेली.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा. त्यानं ठिणगी पाडणारा मॅग्नेटो खोलला, आतली टोकं कानशीनं घासली. प्लग दुसरा लावला. नळी बदलली. दर वेळी पेट्रोल बघायला झाकण उघडायचा, दर वेळी गाडी थोडी जगायची, झाकण लागलं की मरायची. इतकं समोर होतं. पण गंधाला कोणी घाण म्हणून बघत नाही, म्हणून त्यानंही पाहिलं नाही.

दुपारी आबासाहेब आले. छडी बुटावर आपटत म्हणाले, "काय हो, हणमंतराव?"

"कळंना, साहेब. चालू होतंय आन् मरतंय."

"उद्या माणसं येणार आहेत. तुम्ही आहात म्हणून मी निर्धास्त होतो." त्यांनी छडी टाकीकडे रोखली. "पेट्रोलमध्ये कोणी काही घातलं नसेल ना? साखर घालतात म्हणे."

साखर असती तर कार्बोरेटरच्या तळाशी चिकट गाळ सापडला असता. हणमंतनं तो आत्ताच उघडून पाहिला होता, स्वच्छ होता. "तसं नाही, साहेब," एवढंच म्हणायचं होतं. पण तसं म्हटलं की साहेबांचा पुढचा प्रश्न आला असता, मग काय झालंय? आणि त्याचं उत्तर हणमंतकडे नव्हतं. राव म्हणणाऱ्या माणसासमोर मला कळत नाही असं दुसऱ्यांदा म्हणायला त्याची जीभ उचलली नाही. तो प्लग पुसत राहिला.

"शेडची चावी आणखी कोणाकडे आहे?"

"एक दस्तगीरकडं हाय."

एवढंच बोलला. त्यात खोटं काही नव्हतं. आबासाहेब मान हलवून गेले आणि हणमंत पुन्हा पाना घेऊन बसला. दस्तगीर असं करणार नाही, हे त्याला स्वतःच्या नावाइतकं ठाऊक होतं. पण कोण जाणे, दिवस फिरले की माणसं फिरतात, असं तो मनाला सांगत होता, कारण तसं असतं तर सगळं सोपं झालं असतं.

चहाच्या वेळेला पोलिसांचा ट्रक आला. त्या दिवसांत अशा ट्रकमध्ये रझाकार पकडले जात, आणि सुक्याबरोबर ओलंही जळत होतं. दस्तगीरला त्याच्या दारातून आणलं. त्याची बायको हलीमाबी उंबऱ्यात उभी होती, मुली तिच्या मागे. कोणी रडलं नाही, त्यामुळे ऐकू न आल्याचं सोंग घेणंही हणमंतला जमेना. त्यानं डोकं इंजिनात घातलं. ट्रक शेडसमोरून गेला तेव्हा डोळ्याच्या कोपऱ्यातून त्याला एवढंच दिसलं की दस्तगीरनं उजवा हात वर केलाय आणि बोटं फिरवत काहीतरी खुणावतोय. शिव्या घालत असेल. कायकु, म्हणून विचारत असेल. हणमंत नसलेला पाना उचलायला खाली वाकला, आणि धूळ बसेपर्यंत वाकूनच राहिला.

मग त्यानं उगाच, हाताला काहीतरी हवं म्हणून, हँडल मारलं. गाडी चालू झाली. तो मरायची वाट बघत उभा राहिला. ती मरेना. ठोका असा सरळ पडत होता की नवाबाच्या वेळची आठवण यावी. हणमंतनं आजूबाजूला पाहिलं. टाकीचं झाकण घाईत तसंच जमिनीवर राहिलं होतं. त्यानं ते उचलून लावलं. गाडी थोड्या वेळानं आचके देत थांबली. त्यानं झाकण सैल केलं, हवा फुस्स करून आत गेली.

 टाकीतून पेट्रोल खाली उतरायचं तर त्याच्या जागी वरून हवा आत यावी लागते, आणि त्यासाठी झाकणाच्या मधोमध सुईएवढं भोक असतं. हे कारखान्यात तेल घालणाऱ्यालाही माहीत असतं, याला काय माहीत नव्हतं? झाकण हातात होतं. मधोमध गंधाचा थर सिमेंटसारखा वाळला होता, त्यात एक अक्षत रुतलेली. त्यानं तारेचं टोक खुपसलं, लाल पिवळी भुकटी तळहातावर पडली. दोन मिनिटांचं काम. झाकण लावलं, गाडी चालू केली, चालूच राहिली.

तो तसाच, तेलकट हातांनी, बंगल्यावर गेला. आबासाहेब अंगणात कोणाशी बोलत होते, तो माणूस जाईपर्यंत हणमंत उभा राहिला.

"साहेब, गाडी चालू झाली."

"शाब्बास. मला ठाऊक होतं."

"साहेब, दस्तगीरनं काही केलं नाही. गंधानं भोक बुजलं हुतं. गंध म्या लावलं. त्याला सोडवा."

आबासाहेबांच्या चेहऱ्यावरचं हसू लगेच गेलं नाही, हळूहळू गेलं. वाईट माणूस नव्हता तो. वाईट असता तर हणमंतला नंतर शिव्या घालायला कोणीतरी मिळालं असतं. "हणमंतराव," ते म्हणाले, "कागद वर गेला. आता ते माझ्या हातात राहिलं नाही. निर्दोष असेल तर सुटेलच की."

"तुमी एक शब्द टाका, साहेब."

"काय टाकू? आम्ही दसऱ्याची पूजा केली म्हणून यंत्र बंद पडलं, असं? उद्या अधिकारी येतायत. लोक काय म्हणतील?" मग आवाज खाली आणून म्हणाले, "हे तुमच्यामाझ्यात राहू द्या. आणि उद्या गाडी तुम्हीच चालवा."

चोर सोडून संन्याशाला सूळ, ही म्हण आपण गमतीनं वापरतो. त्या संध्याकाळी चोर घरी चालत गेला, सायकल हातात धरून. सत्यवतीला सगळं सांगितलं. तिनं मळलेलं पीठ झाकून ठेवलं. मग म्हणाली, "उन्हाळ्यात त्यो तुमच्यासंगं यायचा, तवा त्याला कुनी विचारलं न्हवतं, लोक काय म्हनतील." त्या रात्री चूल पेटली नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे हणमंत दस्तगीरच्या बैठकीवर बसला. बैठक त्याला उंच होती, पाय नीट टेकत नव्हते. मैदानाच्या मागच्या बाजूनं कापत आला तेव्हा हलीमाबी एका हातगाडीवर गाठोडी चढवत होती. खोल्या रिकाम्या करायला सांगितलं होतं. त्याला गाडी थांबवता आली असती. उतरून काहीतरी बोलता आलं असतं. पण गाडी थांबली तर पुन्हा चालू होईल की नाही, हे कारण त्याच्याजवळ तयार होतं. हलीमाबीनं मान वर केली नाही. गवत छान कापलं गेलं. झेंडा चढला, टाळ्या झाल्या, आबासाहेबांनी त्याची ओळख करून दिली.

त्यानंतर तो कोर्टात गेला, पोलीस ठाण्यात गेला, एका वकिलाच्या पायरीवर बसून राहिला. सगळीकडे एकच विचारलं, तुम्ही त्याचे कोण?  मित्र म्हणावं तर मित्रानं असं केलं नसतं.

संक्रांत उलटून गेल्यावर दस्तगीर सुटला, असं गवळ्यानं सांगितलं. काही सिद्ध झालं नव्हतं. सिकंदराबाद स्टेशनबाहेर त्याच्या मेव्हण्याचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं, तिथे बसतो. हणमंत चटणीची पुडी घेऊन गेला. दस्तगीर एका ट्यूबला ठिगळ लावत होता. अर्धा राहिला होता तो. उजव्या हाताची बोटं नीट मिटत नव्हती, ठिगळ डाव्या हातानं दाबत होता. पाहिलं आणि म्हणाला, "आ, हनमंतू. बैठ."

हणमंत बसला नाही. उभ्यानंच सगळं सांगून टाकलं. चावी, साखर, आपली जीभ, गंध. रडला पण. येणारीजाणारी माणसं बघत होती.

दस्तगीरनं ट्यूब पाण्यात बुडवून बघितली. बुडबुडे येत नव्हते. "मेरेकु मालूम था," तो म्हणाला. "मशीन बंद पडी बोल को सुना, तभीच समझा. ढक्कन."

"तेरेकु कैसा मालूम?"

"हर साल बुजता था ना. तू पूजा कर को घर जाता, मैं नीम की काडी से छेद खोल देता. गंध वैसाच रखता, बस छेद खोलता." त्यानं कोरडं हसून मान हलवली. "इस साल हात लगाना मना था."

"फिर बोला कायकु नै? इत्ते सालां में एक बार तो बोलना था."

"तेरी पूजा थी. उस में खोट निकालनेवाला मैं कौन?" तो ट्यूब पुसू लागला. "पोलिसांकु बोला. हँसे वो. तेरेकु भी बोला ना, ट्रक पे से. हात से करको बताया, ऐसा." त्यानं उजवा हात वर केला आणि न मिटणारी बोटं झाकण उघडल्यासारखी हवेत फिरवली. "तू देखाच नै."

 त्या हातानं शिव्या घातल्या असत्या तर तो आयुष्यभर सुखानं जगला असता. त्यानं पुडी फळीवर ठेवली. दस्तगीरनं ती परतही केली नाही आणि उघडलीही नाही. हणमंत पुन्हा गेला, पुन्हा पुन्हा गेला. दस्तगीर दर वेळी बैठ म्हणायचा, चहा मागवायचा, पण ते दोघं एकत्र कधी जेवले नाहीत. वर्ष संपायच्या आत मेव्हण्यानं दुकान विकलं आणि ती सगळी माणसं कराचीकडे गेली म्हणतात. नक्की कोणालाच सांगता आलं नाही.

पुढच्या खंडेनवमीला आबासाहेबांची बदली झालेली होती. हणमंतनं गाडी धुतली, पात्यांना तेल दिलं, माळ घातली. झाकणावर गंध लावावं की नाही, म्हणून वाटी हातात धरून तो बराच वेळ उभा राहिला. मग लावलं, नेहमीसारखं बोटभर. नमस्कार केला. घरी जायला निघाला, शेडच्या दारापर्यंत गेला आणि परत आला. कडुनिंबाची एक काडी मोडून आणली आणि वाकून, गंध मोडू न देता, मधलं भोक मोकळं केलं. त्याच्या मागे राहून ते करणारं आता कोणी नव्हतं.